गारठा न आलेला पौष

पौष अर्धा सरत आला आणि पत्र्यावर पाऊस वाजतोय. आषाढातल्यासारखा धो धो नाही. रोगट, चिवट, दिवसभर रेंगाळणारा. अंगणातल्या दोरीवरच्या कपड्यांना कुबट वास सुटलाय. न्हाणीच्या मागं बेडूक ओरडतात. पौषात बेडूक! स्वेटरांची पेटी मी दिवाळीनंतर उघडून ठेवली होती, ती तशीच उघडी आहे. डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर झाला, पण एकही स्वेटर बाहेर निघाला नाही. झोपताना पंखा लागतो. लावला की ओल अंगाला चिकटते, बंद केला की घाम येतो.

आमच्या परभणीकडचा माणूस एरवी थंडीबद्दल जरा मिजाशीतच बोलतो. उन्हाळ्यात आम्ही भाजून निघतो तेव्हा कुणी विचारत नाही. पण हिवाळ्यातल्या एखाद्या सकाळी राज्यात सगळ्यात खाली उतरलेला पारा परभणीचा, असं पेपरात येतं, आणि बसस्टँडवर कानटोपी घातलेला प्रत्येक जण तो पारा जणू आपणच खाली ओढला अशा ऐटीत चहा पितो. मलाही ती ऐट होती. यंदा ती उतरली. यंदा मी थंडीची वाट बघतेय ती दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून डॉक्टरची वाट बघावी तशी. सारखं उठून दारापर्यंत जायचं, बाहेर डोकवायचं, परत येऊन बसायचं.

हे सगळं माझ्या बहिणीपायी. तिचं नाव संघमित्रा, घरात संघू. माझ्याहून बरीच लहान. आई-बाबा गेल्यावर ताडकळसच्या या घरात आम्ही दोघीच. मी जवळच्या एका गावात शाळेवर शिक्षिका आहे, स्कूटीवर जाते-येते. माझं लग्न झालं नाही. संघूचं झालं, सोनपेठला दिली होती. दुसऱ्याच वर्षी तिच्या डोळ्यांपुढं धुकं यायला लागलं, मग पाय दगा द्यायला लागले. चालता चालता गुडघ्यातून मिटायची. सासरचे आधी नखरे म्हणाले, मग बाहेरचं काहीतरी आहे म्हणाले. एका पावसाळ्यात नवऱ्यानं तिला इथं आणून सोडलं. "थोडे दिवस ऱ्हाऊ द्या," एवढं बोलला, पिशवी ओट्यावर ठेवली आणि परतीची बस धरली. चहासुद्धा घेतला नाही. ते थोडे दिवस अजून संपलेले नाहीत.

तपासण्या झाल्या. परभणीच्या डॉक्टरांनी समोरच्या टेबलावरची चार्जरची वायर उचलून आम्हाला समजावलं. मेंदूतून निघणाऱ्या नसांवरचं कव्हर झिजतंय, म्हणून निरोप पायांपर्यंत पोचत नाही. "उष्णता हिची वैरीण," ते म्हणाले. "अंग तापलं की पाय ऐकणार नाहीत. थंडीत जरा बरं वाटेल. पण बरं वाटणं म्हणजे बरं होणं नव्हे, हे ध्यानात ठेवा." आम्ही दोघींनी थंडीचं तेवढं ध्यानात ठेवलं. बाकीचं तिथंच टेबलावर ठेवून आलो.

त्यानंतर आलेला तो पहिला हिवाळा मला अजून अंगावर आठवतो. दिवाळी सरली आणि उत्तरेकडचा वारा सुटला. खोबरेल तेल बाटलीत थिजलं. सकाळी रांजणाला हात लावला की बोटं बधीर व्हायची. सगळ्या गल्लीत जाळाचा धूर, तुराट्यांचा चरचर आवाज, पोरं शाळेत यायची ती गाल उललेली, नाकं गळणारी. फळ्यावर लिहिताना खडू माझ्या बोटांतून निसटायचा. आणि घरी संघूत रोज काहीतरी परत येत होतं. आधी तिच्या हातातला कप हलायचा थांबला. मग पेपरातली बारीक अक्षरं दिसायला लागली. मग भिंत धरून ती चुलीपर्यंत आली आणि म्हणाली, "सरक आक्का, तुझ्या भाकरी लय जाड व्हायल्यात."

घरामागं दत्तूमामाचं रान आहे. नात्यानं मामा नव्हे, शेजारानं. त्या साली त्यांचा हरभरा असा माजला होता की बांधावरून चालताना पोटऱ्यांना आंबट वास चिकटायचा. मामा सांजेला हरभऱ्यावर धुतलेलं धोतर पसरून ठेवायचे आणि झुंजुमुंजूला दवानं चिंब झालेलं ते धोतर पिळून बाटलीत आंब भरायचे. पोटदुखीला औषध. एक बाटली आमच्याकडं यायची. संघू बोट बुडवून चाटायची आणि डोळे मिटून म्हणायची, "थंडीला चव असती तर अशीच लागली असती."

एका सकाळी तिच्या हाकेनं मला जाग आली. तिची बाज रिकामी. पडली असणार म्हणून मी अनवाणी धावले. फरशीचा गारठा तळपायातून थेट दातांत शिरला. मागच्या दाराशी गेले तर ती बांधावर उभी. कशाचाही आधार नाही. भिंत नाही, काठी नाही. अंगावर माझी शाल, तोंडातून वाफ निघतेय आणि समोर सोयाबीनच्या भुसाची गंज वरून पांढरीशुभ्र झालेली.

"आक्का, कुणी मीठ सांडलंय गं?"

मामा पलीकडून घोंगडी गुंडाळून येत होते. म्हणाले, "मीठ न्हाई बाय, दव गोठलंय. आमचा बाप सांगायचा. मी आज बघायलोय."

"मंजी बर्फ?"

"बर्फच की."

तिनं भुसावरचं ते पांढरं चिमटीत उचललं, तळहातावर घेतलं. बघता बघता त्याचं पाणी झालं. मग ती बांधानं चालत निघाली. मी मागं धावणार होते, मामांनी हातानंच मला थांबवलं. ती पाण्याच्या मोटारीच्या शेडपर्यंत गेली, शेडला हात लावला, वळली, परत आली. तिच्या पावलांखाली गवत करकर वाजत होतं. उभ्या जन्मात मी ऐकलेला सगळ्यात चांगला आवाज तो.

त्या हिवाळ्यात ती पायी बाजारात गेली. विहाराच्या पायऱ्या चढली. एकदा पिंगळीला मैत्रिणीकडं गेलो तर स्टेशनच्या फलाटावर उगाच या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली आणि गाडीच्या खिडकीतली माणसं मोजत बसली. मग शिमगा आला, ऊन तापलं आणि पाय पुन्हा गेले. पण आम्हाला आता ठाऊक झालं होतं की ते कुठं जातात आणि कधी परत येतात. पुढच्या हिवाळ्यात काठी लागली. त्याच्या पुढच्यात माझा खांदा. दर हिवाळा थोडं कमी देऊन जायचा, पण द्यायचा. उन्हाळाभर ओली चादर अंगावर घेऊन कूलरसमोर पडलेली संघू म्हणायची, "थंडी येऊ दे. मग बघ." आणि मी म्हणायचे, "येतीच आता."

यंदा दिवाळीनंतर पाऊस गेलाच नाही. आभाळ खाली आलं आणि तसंच लोंबत राहिलं. सहा डिसेंबरच्या संध्याकाळी दरवर्षी आम्ही विहारासमोर मेणबत्त्या लावतो. थंडीच्या कोरड्या हवेत ज्योती ताठ उभ्या राहतात. यंदा मेणबत्त्या पावसात चुरचुरत विझत होत्या. बाया पदरानं आडोसा करत होत्या, पुन्हा लावत होत्या, पुन्हा विझत होत्या. संघूला मी रिक्षातच बसवून ठेवलं होतं. तिच्या हातातली मेणबत्ती मात्र टिकली. ती म्हणाली, "थंडी कुठं अडकली असंल गं? मनमाडला गाडी बदलायची ऱ्हायली का तिची?"

रिक्षावाला हसला. मीही हसले. घरी येऊन मोबाईलवर हवामान बघितलं. आता ते माझं व्यसनच झालंय. वर्गात पोरं पाढे म्हणत असतात आणि मी टेबलाखाली उद्याचं, परवाचं, आठवड्याचं हवामान बघते. रोज ढगाचं चित्र, रोज तिरक्या रेघा. उत्तरेत बर्फ पडला की तिकडून गार वारा आपल्याकडं उतरतो, हे मी पोरांना शिकवते. म्हणून मी उत्तरेचे व्हिडिओ बघायला लागले. तिथं उघडेबोडके डोंगर, करड्या दगडांवर उभे असलेले पर्यटक, रिकामे घोडे घेऊन थांबलेली माणसं. "यंदा बर्फच न्हाई पडला," एक घोडेवाला हिंदीत सांगत होता. त्याचा चेहरा बघून मला वाटलं, हा माझा कुणीतरी लागतो.

दत्तूमामा बांधावर बसून हरभऱ्याकडं बघतात. पीक कमरेएवढं वाढलंय, हिरवंगार, बघणाऱ्याला वाटावं काय जोर आहे. "नुस्ता पाला," मामा म्हणतात. "गारठ्याबिगर घाटे धरत न्हाईत. आन जे धरले ते अळीनं खाल्ले." मग आवाज खाली आणून विचारतात, "पोरीचं कसंय?" मी म्हणते, "तसंच." दोघंही आभाळाकडं बघतो.

आम्ही नवस बोलणारी माणसं नाही. बाबांनी आम्हाला लहानपणीच सांगून ठेवलं होतं, कुणाला काही मागायचं नाही, आपलं आपण करायचं. पण या डिसेंबरात एका पहाटे मी मागच्या दाराशी उभी राहून उत्तरेकडं तोंड केलं आणि हात जोडले. कुणाला जोडले, माहीत नाही. वाऱ्याला असतील. वारा नव्हताच.

मग मी आपलं आपण करायला निघाले. परभणीहून बर्फाची लादी आणली. बारदानात गुंडाळून स्कूटीच्या पायाशी ठेवली. रस्ताभर ती गळत होती, माझ्या चपला, साडी भिजत होती आणि मी गाडी अशी हाणत होते की जणू पायाशी कुणाचा तरी जीव आहे. भर दुपारी मोठ्या टबात बर्फ फोडून टाकला, पाणी ओतलं, संघूला खुर्चीवर बसवून तिचे पाय आत सोडले. तिनं श्वास आत ओढला. थोड्या वेळानं तिच्या उजव्या पायाचा अंगठा हलला.

"आक्का! बघितलंस?"

मी बघितलं होतं. मी वेड्यासारखा आणखी बर्फ टाकला. आम्ही दोघी त्या अंगठ्याकडं बघत हसत होतो. तेवढ्यात तिचे दोन्ही पाय एकदम ताठ झाले, लाकडासारखे. टब कलंडला. ती खुर्चीवरून खाली घसरली आणि अशी ओरडली की मामा-मामी बांधावरून धावत आले. तिच्या पोटऱ्यांत गोळे आले होते, दगडासारखे. मामी आणि मी पाय चोळत राहिलो, घरभर बर्फाचे तुकडे घरंगळत होते, आणि बाहेर पाऊस. फोनवर डॉक्टर चिडले, "असला प्रयोग पुन्हा करू नका." पाय सैल पडल्यावर संघू भिंतीला टेकून बसली. तिच्या केसांतून पाणी निथळत होतं. म्हणाली, "असली चोरून आणलेली थंडी नगं, आक्का."

आठवड्याभरानं एका संध्याकाळी शाळेतून आले तर सकाळी भरून ठेवलेला तांब्या तसाच काठोकाठ. दुसऱ्या दिवशीही तसाच.

"पाणी पीत न्हाईस तू?"

तिनं तोंड फिरवलं.

"संघू, मी काय विचारायले?"

"पाणी पिलं की जावं लागतंय," ती भिंतीकडं बघत म्हणाली. "तू शाळेत. मामीला बोलवावं लागतंय. तिची कंबर दुखती. किती डाव उचलायचं तिनं मला? थंडी आली की मी माझी जाईन. तवर जरा कमी पिते, एवढंच."

मी तिला ओरडले. मग तांब्या तिच्या तोंडाला लावला. मग न्हाणीत जाऊन नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडले.

उशीर झाला होता. कमी पाण्यानं मूत्रमार्गात जंतुसंसर्ग झाला, ताप चढला. आणि ताप म्हणजे तिच्यासाठी आतूनच उगवलेला उन्हाळा. हातसुद्धा उचलेना, जीभ जड झाली. परभणीच्या दवाखान्यात नेलं तेव्हा ती मला ओळखत होती, पण माझं नाव तिच्या तोंडून नीट निघत नव्हतं. कॉटशेजारी बसून मी खिडकीतून बाहेर बघत राहायचे. मार्गशीर्ष संपत होता. समोरच्या टपरीवर माणसं शर्टाच्या बाह्या दुमडून भजी खात होती. एकाच्याही डोक्यावर कानटोपी नव्हती. मला त्या माणसांचा राग यायचा. इतकं सुखानं कसं काय खातात ही?

ताप उतरला. हात आले, जीभ सुटली. पाय आले नाहीत. डॉक्टरांनी या वेळी वायर उचलली नाही. मला बाहेर बोलावून म्हणाले, "तापानं पाय गेलेत असं समजू नका. आजारच एक पायरी खाली आलाय. औषध बदलतोय, थोडं परत येईल किंवा नाही येणार. पण मॅडम, आता थंडीची वाट बघू नका. आली तरी तिच्या हातात फारसं काही राहिलेलं नाही."

मी मान हलवली. खोलीत आले तर संघू जागी होती. दार उघडंच होतं.

"ऐकलंस?" मी विचारलं.

"हं."

"आपण उत्तरेला जाऊ. बर्फ असंल तिथं. सुट्टी काढते मी. वर, लय वर, कुठंतरी असंलच की."

तिनं छताकडं बघत विचारलं, "आन मग? कायमचं ऱ्हायचं तिथं? बर्फात बसून?" तिचा आवाज फाटला. "मला इथंच चालायचं हुतं गं. आपल्या बांधावर. एक डाव तरी."

शेजारच्या कॉटवरची म्हातारी उठून आली आणि कुणाची कोण असून तिच्या डोक्यावरून हात फिरवत उभी राहिली.

घरी आल्यावर दोन दिवस तिनं खिडकी लावून घेतली. तिसऱ्या दिवशी मी भाकरी करत असताना आतून म्हणाली, "आक्का, चाकाची खुर्ची बघ. न्हाणीच्या दारातून जाईल अशी." एवढंच. मी भाकरी तव्यावर तशीच सोडून तिच्याकडं गेले. तिचे डोळे कोरडे होते. माझेच भरले. तव्यावरची भाकरी करपली.

खुर्ची आली. पहिल्या दिवशी ती स्वतः चाकं फिरवत न्हाणीपर्यंत गेली, दार लावून घेतलं, बऱ्याच वेळानं बाहेर आली. तळहाताची सालटं निघाली होती. तांब्या उचलून ती घटाघटा पाणी प्यायली. मी बघत होते. मला आनंद व्हायला हवा होता. मला एवढंच दिसत होतं की पौष चाललाय, मग माघ, मग फाल्गुन, आणि मग आमचा तो उन्हाळा, ज्यात मातीची ढेकळंसुद्धा हाताला चटका देतात. दरवर्षी उन्हाळ्यात उतरण्याआधी तिच्या गाठीला एक हिवाळा असायचा. यंदा ती रिकाम्या हातानं उतरणार आहे. हे मनात आलं की वर्गात, रस्त्यात, कुठंही मी मोबाईल काढून पुन्हा हवामान बघते.

काल बाजार होता. ती म्हणाली, "मला ने."

"चिखल लय हाय."

"असू दे."

नेलं. पाऊस नुकताच थांबला होता, वाफ निघावी तसं उकडत होतं. तिला चालताना बघितलेली माणसं होती बाजारात. बोलता बोलता थांबायची, बाजूला व्हायची, मग मागून कुजबुजायची. तिनं मान खाली घातली नाही. भाजीवाल्यांच्या रांगेत शिरलो आणि काळ्या मातीनं चाकं धरली. मी ढकललं. हलेना. आणखी जोर लावला, माझाच पाय घसरला, गुडघ्यापर्यंत चिखल उडाला. घाम डोळ्यांत उतरत होता. तिथं, सगळ्या बाजारासमोर, पौषाच्या महिन्यात घामानं थबथबलेली मी त्या खुर्चीच्या मुठी धरून हमसून हमसून रडायला लागले. दोन-तीन माणसं खुर्ची उचलायला धावली.

"थांबा दादा, जरा," संघू म्हणाली.

आम्ही रुतलो होतो ते नेमकं एका मेथीवालीसमोर. ती बाई मघापासून कळवळून बघत होती. तिनं एक जुडी उचलून संघूच्या मांडीवर ठेवली. "घे माय. पैशे नगं मला."

संघूनं जुडी उचलली, उलटीसुलटी करून बघितली आणि परत तिच्या ढिगावर ठेवली. "फुकट कशापायी? भाव सांग."

बाईनं गोंधळून भाव सांगितला.

"एवढा? निम्मी पिवळी पडलीय की पावसानं. नीट सांग. मी काय उठून पळायले का? बसलेय हितंच."

बाई आधी दचकली. मग तिच्या तोंडून हसू फुटलं, कमरेवर हात ठेवून तिनंही आवाज चढवला, "पिवळी कुठं, बघ की डोळं उघडून!" खुर्ची उचलायला आलेली माणसं तशीच हात पुढं करून उभी राहिली. मी पदरानं तोंड पुसलं. वर आभाळ परत भरून यायला लागलं होतं. संघू वाकून ढिगातल्या जुड्या एकेक करून बघत होती, मुळांचा चिखल झटकत होती, वास घेत होती, बाजूला ठेवत होती.

"आन ती कोथिंबीर कशी दिलीस?" तिनं विचारलं.